ईसीएम गेलाय म्हणतात? बदलण्याआधी घरी तपासा, बदलायचाच असेल तर असा बदला

गाडी सेल्फ मारते पण स्टार्ट होत नाही, स्कॅनर जोडला तर गाडी बोलत नाही, आणि गॅरेजमधून निकाल येतो: "ईसीएम गेलाय, बदलावा लागेल." ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा गाडीतला कॉम्प्युटर. नव्या ईसीएमची किंमत बहुतेक गाड्यांना पाच आकडी असते. त्यात कोडिंग (नवा ईसीएम गाडीशी आणि चावीशी जुळवणं) वेगळं, येण्याजाण्याचा टोइंगचा खर्च वेगळा.

सांगलीत माझ्या पेट्रोल गाडीला हाच निकाल मिळाला होता. प्रत्यक्षात ईसीएम धडधाकट होता, बॅटरीच्या ट्रेखालची अर्थिंगची वायर आतून कुजली होती. पुढे शेजारच्या काकांच्या डिझेल गाडीचा ईसीएम मात्र खरोखरच जळालेला निघाला आणि तो आम्ही त्यांच्या अंगणात बदलला. या दोन गाड्यांनी जे शिकवलं ते इथे क्रमाने लिहितो. मल्टीमीटर धरता येत असेल तर तपासणीचा भाग तुम्हाला नक्की जमेल. बदलण्याचं काम त्याहून सोपं आहे, पण त्यानंतरचं कोडिंग आपल्याला करता येत नाही, हे आधीच लक्षात घ्या.

गाडी वॉरंटीत असेल तर काहीही न उघडता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांतही घरी फक्त तपासणीच करा, कारण त्यांत काजळीच्या फिल्टरचा हिशेबही ईसीएममध्येच असतो.

लागणारं साहित्य

- डिजिटल मल्टीमीटर (साधा चालेल, पण त्याच्या वायरी चांगल्या हव्यात)
- इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, होल्डर आणि दोन वायरींसह
- ईएलएम३२७ प्रकारचा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइलमध्ये त्याचं अ‍ॅप
- ८ आणि १० नंबरचे पाने, स्क्रू ड्रायव्हर, टॉर्क्स बिटांचा संच
- बारीक टाचण्या, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, टॉर्च
- तुमच्याच मॉडेलचा, तुमच्याच वर्षाचा वायरिंग डायग्राम

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एकाच नावाच्या गाडीत पेट्रोल-डिझेलप्रमाणे आणि सालाप्रमाणे पिनांची मांडणी बदलते. डायग्राम हातात नसेल तर ईसीएमच्या कपलरला (वायरींच्या प्लगला) हात लावू नका.

कागदपत्रं

आरसी, विमा पॉलिसी, मालकाचं ओळखपत्र आणि गाडीच्या सगळ्या चाव्या. इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय गाडी चालू न होऊ देणारी यंत्रणा) जुळवताना दुसरी चावी बरोबर नसेल तर ती नंतर गाडी स्टार्ट करणार नाही आणि पुन्हा फेरी पडेल. चावीसोबत आलेला धातूचा किंवा प्लॅस्टिकचा कोडचा टॅग घरात कुठे असेल तर तोही शोधून ठेवा. ईसीएम बदलल्याने आरसीत काही बदलत नाही, तिथे चासी नंबर आणि इंजिन नंबर असतो.

१. चावी ऑन करून नुसतं बघा

सेल्फ न मारता चावी ऑन करा. मीटरमध्ये पिवळा चेक लाइट लागतो का? जुन्या गाड्यांत हा लाइट ईसीएमच लावतो. तो अजिबात लागत नसेल तर ईसीएमला सप्लाय नाही, अर्थ नाही किंवा ईसीएम खरंच मेला आहे. लागत असेल तर ईसीएम बहुधा जिवंत आहे आणि दोष दुसरीकडे शोधायला हवा.

चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह भराभर लुकलुकत असेल तर गाडी चावी ओळखत नाहीये. दुसरी चावी वापरून बघा. हा दोष ईसीएमच्या नावावर खपवला गेल्याचं मी पाहिलं आहे.

एकच सिलिंडर सतत मिसिंग करत असेल तर कॉइल आणि प्लग शेजारच्या सिलिंडरशी अदलाबदल करा. मिसिंग सोबत गेलं तर कॉइल किंवा प्लग दोषी. जागेवरच राहिलं तर इंजेक्टर, वायरिंग, कॉम्प्रेशन आणि सर्वांत शेवटी ईसीएम.

२. बॅटरी

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.४ ते १२.६ व्होल्ट हवेत. सेल्फ मारताना ते ९.६ च्या खाली जाऊ नयेत. खाली गेले तर ईसीएम मध्येच रीसेट होतो आणि स्कॅनरवर भलतेच कोड उमटतात. अशा बॅटरीवर पुढची कोणतीही तपासणी करू नका, आधी चार्ज करा किंवा दुसरी लावा. गाडी चालू होत असेल तर चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. १५ च्या वर जात असेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर गेलाय, हे लिहून ठेवा, सातव्या पायरीत लागेल.

३. फ्यूज आणि मेन रिले

ईसीएमला बहुधा दोन प्रकारचा सप्लाय असतो: एक बॅटरीवरून कायमचा, दुसरा चावी ऑन केल्यावर मेन रिलेतून येणारा. दोघांचे फ्यूज वेगळे. फ्यूज काढून डोळ्यांनी बघू नका, मल्टीमीटरने दोन्ही टोकांवर व्होल्टेज बघा. केसाएवढी चीर डोळ्यांना दिसत नाही.

मेन रिले त्याच नंबरच्या दुसऱ्या रिलेशी (हॉर्नचा, फॅनचा) बदलून बघा. फुकटची तपासणी आहे आणि बरेचदा इथेच प्रश्न सुटतो.

४. अर्थिंग आणि सप्लाय, भार टाकून

या पायरीवर घाई करू नका. गॅरेजमध्ये सहसा चुकते ती हीच.

वायरीच्या आतले तांब्याचे पदर तुटून एकच पदर उरला असेल तरी मल्टीमीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण मल्टीमीटर करंट जवळपास घेतच नाही. ईसीएम करंट मागतो तेव्हा मात्र त्या एका पदरावर व्होल्टेज कोसळतं. म्हणून तपासणी भार टाकूनच करायची.

आधी अर्थिंग. ईसीएमचा कपलर लावलेलाच ठेवा. डायग्राममधून अर्थच्या पिना शोधा आणि कपलरच्या मागून, वायरीच्या बाजूने टाचणी हळूच सरकवा. पुढून पिनेच्या भोकात कधीही काही घालू नका, भोक सैल झालं की आयुष्यभराचा लूज काँटॅक्ट. मल्टीमीटर व्होल्टवर ठेवा, लाल वायर टाचणीला, काळी थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. चावी ऑन करा, मग कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा कमी राहिला तर अर्थ चांगली. अर्धा व्होल्ट, एक व्होल्ट दिसला तर चोर सापडला.

माझ्या गाडीत चावी ऑन करताच आकडा दीड व्होल्टवर गेला. अर्थची वायर हाताने चाचपत गेलो तर बॅटरीच्या ट्रेखाली ती मऊ लागली. वरचं काळं आवरण शाबूत होतं, नखाने चिरल्यावर आतून हिरवट भुकटी खाली पडली. बॅटरीतून ओघळलेल्या अ‍ॅसिडने तांबं खाल्लं होतं. नवी जाड वायर, नवा थिंबल, बोल्टखालचा रंग खरवडून घासलेला पत्रा, आणि गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली.

आता सप्लाय. बॅटरीची निगेटिव्ह काढा, ईसीएमचा कपलर सोडवा, निगेटिव्ह परत लावा. हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) बाजूच्या सप्लायच्या पिनेवर २१ वॅटच्या बल्बची एक वायर टेकवा, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. बल्ब झगझगीत पेटायला हवा. मंद पेटला तर वायर किंवा फ्यूजबॉक्समध्ये दोष. एक मेख अशी की बऱ्याच गाड्यांत मेन रिले ईसीएमच ओढतो, त्यामुळे कपलर काढल्यावर रिले लागणारच नाही. तेव्हा रिले काढून त्याच्या ३० आणि ८७ नंबरच्या खाचा फ्यूज असलेल्या वायरीने तात्पुरत्या जोडा आणि मग बल्ब लावा.

हा बल्ब फक्त सप्लायच्या वायरींवर वापरायचा. सेन्सरच्या किंवा ईसीएमच्या बाजूच्या पिनांवर बल्बचा टेस्टर लावला तर चांगला ईसीएम तुमच्या हाताने जाईल.

५. सेन्सरचे पाच व्होल्ट

सप्लाय आणि अर्थ दोन्ही चोख असतील तर तीन वायरींचा एखादा सेन्सर (थ्रॉटलचा किंवा हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर) गाठा. त्याचा कपलर काढून चावी ऑन करा. एका वायरीवर ५ व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. मिळाले तर ईसीएमचा आतला सप्लाय चालू आहे.

मिळाले नाहीत तरी लगेच ईसीएमला दोष देऊ नका. हे पाच व्होल्ट अनेक सेन्सरना वाटून दिलेले असतात आणि त्यातला एकजरी आतून शॉर्ट झाला तर सगळ्यांचा सप्लाय बसतो. मल्टीमीटर लावून ठेवा आणि सेन्सरचे कपलर एकेक करून काढत जा. रेडिएटरजवळचा एसीचा प्रेशर सेन्सर लोक हमखास विसरतात. एखादा कपलर काढताच पाच व्होल्ट परत आले, तर तो सेन्सर किंवा त्याची वायर दोषी. सगळे काढूनही आले नाहीत आणि ईसीएमच्या पिनेवरसुद्धा नसतील, तर आता ईसीएमवर संशय घ्यायला आधार मिळाला.

६. स्कॅनर काय सांगतो

स्कॅनर स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या कपलरला लागतो. स्कॅनरच चालू होत नसेल तर १६ नंबरच्या पिनेवर बारा व्होल्ट आणि ४-५ नंबरवर अर्थ आहे का बघा. बऱ्याच गाड्यांत हा फ्यूज सिगरेट लायटरशी जोडलेला असतो आणि मोबाइल चार्जरने उडालेला असतो.

स्कॅनर चालू होतो पण गाडी बोलत नाही, असं असेल तर बॅटरी काढून ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. कॅन लाइन (गाडीतल्या कॉम्प्युटरना एकमेकांशी जोडणाऱ्या दोन वायरी) ठीक असेल तर ६० च्या आसपास येतात, कारण दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर समांतर बसवलेले असतात. १२० आले तर एक टोक तुटलं आहे. ते टोक बरेचदा ईसीएममध्येच असतं, पण त्याच्याकडे जाणारी वायरही तुटलेली असू शकते, ती आधी बघा.

गाडी बोलत असेल तर सगळे कोड कागदावर लिहा, पुसा, चावी बंद-चालू करून पुन्हा वाचा. पी०६०१ (आतल्या मेमरीचा दोष), पी०६०६ (प्रोसेसर) असे कोड चांगल्या बॅटरीवर लगेच परत येत असतील तर ईसीएमचाच दोष असण्याची शक्यता मोठी. पी०३३५ हा क्रँक सेन्सरचा कोड आहे, आणि यू०१०० म्हणजे गाडीतल्या दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरला ईसीएम सापडत नाही, एवढंच. या दोन कोडांवरून ईसीएम बदलायला निघू नका.

७. तो कशाने गेला, हे सापडल्याशिवाय दुसरा लावू नका

ईसीएम आपोआप क्वचित जातो. ज्या कारणाने जुना गेला ते गाडीत तसंच राहिलं, तर नवाही जाईल, आणि इलेक्ट्रिकल पार्टला दुकानदार परतावा देत नाही. दुसऱ्या पायरीत १५ च्या वर व्होल्टेज लिहून ठेवलं असेल तर आधी तो रेग्युलेटर बघा. आपल्या भागात दिसणारी आणखी कारणं अशी:

जंपर केबल. हंगामात रस्त्याला ऊसवाहतुकीचे ट्रक उभे असतात आणि मदतीला धावूनही येतात, पण मोठ्या ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते. कारला कायम कारच्याच १२ व्होल्टच्या बॅटरीवरून जंप द्या. उलट्या केबल लावल्याने गेलेला ईसीएम कधीकधी वाचतो, कारण बळी फक्त आतल्या संरक्षक डायोडचा गेलेला असतो.

वेल्डिंग. कॅरिअर, बंपर, सायलेन्सर, कशाचंही वेल्डिंग करताना बॅटरीची निगेटिव्ह काढलीच पाहिजे. वेल्डर काढत नाही, तुम्ही उभं राहून काढायला लावा.

सीएनजी किट. इंजेक्टरच्या वायरी कापून मध्ये एम्युलेटर (सीएनजीवर चालताना पेट्रोलचे इंजेक्टर चालू असल्याचं ईसीएमला भासवणारा डबा) जोडलेला असतो. ते जोड टेपने गुंडाळलेले असतील तर उघडून बघा. शॉर्ट झालेला जोड ईसीएमचा इंजेक्टर ड्रायव्हर (इंजेक्टरला करंट देणारा भाग) जाळतो.

उंदीर. साताऱ्याच्या पश्चिमेला, पाटण-जावळीकडे पावसाळ्यात गाडी दिवसेंदिवस उभी राहिली की उबेला बॉनेटखाली उंदीर येतात. हार्नेस आतल्या बाजूने, इंजिनच्या मागे कुरतडलेला असतो, वरून दिसत नाही.

पाणी. याबद्दल थोडं सविस्तर. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, आणि दोन्ही वेळा असंख्य गाड्या पाण्यात उभ्या होत्या. पाण्यात बुडालेल्या गाडीची बॅटरी जोडलेली राहिली तर पाण्यातून करंट वाहत राहतो आणि सप्लायची पिन विरघळल्यासारखी झिजत जाते. म्हणून पाणी चढतंय असं कळताच गाडी हलवता येत नसेल, तर निदान निगेटिव्ह काढून ठेवा. पाणी उतरल्यावर चावी ऑन करून "बघूया तरी" असं करू नका. आधी फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय काही उघडू नका. पाणी शिरलेल्या इंजिनाला सेल्फ मारून झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं.

पेट्रोल गाडीत नवा ईसीएम लावण्याआधी प्रत्येक इंजेक्टरचा ओहम मोजा. नेहमीच्या पोर्ट इंजेक्टरला साधारण १२ ते १६ ओहम येतात. एकाचा आकडा इतरांपेक्षा बराच कमी असेल तर तोच खुनी असू शकतो. डिझेलच्या इंजेक्टरना इंजिन चालू असताना हात लावू नका, तिथे धोकादायक व्होल्टेज असतं.

८. दुरुस्ती, क्लोन, जुना की नवा

माझं मत स्पष्ट आहे: आधी दुरुस्ती. चांगला ईसीएम रिपेअरवाला तो टेबलावर सप्लाय देऊन चालवून बघतो, जळालेला ड्रायव्हर किंवा कपॅसिटर बदलतो, आणि तुमच्या गाडीचा सगळा डेटा जागेवर राहतो. चावी जुळवायची भानगडच उरत नाही. आपल्याकडून बरेच जण कोल्हापूर किंवा पुण्याला कुरिअरने पाठवतात. पाठवण्याआधी लेबलचा फोटो काढा आणि झाकणाच्या सांध्यावर सही करून चिकटपट्टी लावा.

दुरुस्ती शक्य नसेल तर क्लोन: तशाच जुन्या ईसीएममध्ये तुमच्या ईसीएमचा डेटा उतरवतात. काकांच्या गाडीला आम्ही हेच केलं. मेमरीची चिप वाचता येत असेल तर जुन्या गाडीसाठी यापेक्षा परवडणारा मार्ग नाही.

नुसता जुना ईसीएम कुर्ल्याच्या किंवा पुण्याच्या स्क्रॅप बाजारातून आणून लावला तर इमोबिलायझर गाडी चालू होऊ देणार नाही. लेबलवरचे नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळले पाहिजेत. बॉशच्या लेबलवर पेट्रोलसाठी ०२६१ ने आणि डिझेलसाठी ०२८१ ने सुरू होणारा नंबर असतो, शिवाय गाडीच्या कंपनीचा वेगळा नंबर असतो. मारुतीचा बरेचदा ३३९२० ने, ह्युंदाईचा ३९१ ने सुरू होतो. दोन्ही जुळवा. बिलावर ज्या गाडीतून काढला तिचा नंबर लिहून घ्या. बिल देत नसेल तर घेऊ नका, चोरीच्या गाडीचा माल गळ्यात पडू शकतो.

९. प्रत्यक्ष बदलणं

१. चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि पंधरा मिनिटं थांबा. एअरबॅगमध्ये काही काळ चार्ज उरतो. डॅशबोर्डखाली काम असेल तर पिवळ्या कपलरना हात लावायचा नाही.

२. ईसीएम गाठा. काही गाड्यांत तो बॅटरीशेजारी असतो, काहींत डॅशबोर्डखाली ग्लोव्हबॉक्सच्या मागे. काढण्याआधी प्रत्येक बोल्टचा आणि वायरीचा फोटो घ्या.

३. कपलरला खटक्याची दांडी असते. खटका दाबून दांडी पूर्ण फिरवा, कपलर स्वतःच वर येतो. वायरी धरून ओढू नका.

४. पिना टॉर्चने बघा. हिरवटपणा असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश. पॉलिश पेपर नको, मुलामा निघून जातो. कपलरचं रबरी सील फाटलं असेल तर पाणी परत शिरेल.

५. नवा ईसीएम हाती घेण्याआधी गाडीच्या उघड्या पत्र्याला हात लावा. पिनांना बोट लावू नका.

६. त्याच ब्रॅकेटवर, तेच बोल्ट घट्ट करून बसवा. काही गाड्यांत बॉडीमार्फतही अर्थ मिळते. कपलर सरळ बसवून दांडी शेवटपर्यंत लावा, मग निगेटिव्ह जोडा.

१०. कोडिंग

दुरुस्त केलेला किंवा क्लोन केलेला ईसीएम असेल तर चावी ऑन करा, अर्धा मिनिट थांबा, चेक लाइट आणि चावीचं चिन्ह बघा आणि सेल्फ मारा. कोरा ईसीएम असेल तर इमोबिलायझर जुळवणं, चासी नंबर लिहिणं आणि मॉडेलप्रमाणे सेटिंग हे सर्व्हिस सेंटर किंवा मोठा स्कॅनर असलेला वायरमनच करू शकतो. गाडी तिकडे न्यायची की त्याला घरी बोलवायचं, हे ईसीएम मागवण्याआधीच ठरवा.

कॉमन रेल डिझेलमध्ये आणखी एक काम: प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर कोरलेला कोड ईसीएममध्ये त्या-त्या सिलिंडरपुढे लिहावा लागतो. तो लिहिला नाही तरी गाडी चालू होते, म्हणून हे काम राहून जातं, आणि मग धूर, खडखड, कमी अ‍ॅव्हरेज अशा तक्रारी सुरू होतात. इंजेक्टर साफ करून कोडांचे फोटो आधीच घ्या.

११. चालू झाल्यावर

एसी, दिवे, टेप बंद ठेवून गाडी आयडलवर पूर्ण गरम होऊ द्या, रेडिएटरचा फॅन स्वतःहून लागतो का पाहा. पहिल्यांदा आयडल वरखाली होईल, थ्रॉटल शिकवण्याची पद्धत मॅन्युअलमध्ये दिली असेल तर तीही करा. मग सगळे कोड पुसा, गावाबाहेर थोडी चालवून आणा आणि पुन्हा स्कॅन करा. चालू गाडीत बॅटरीचं व्होल्टेज आणि चौथ्या पायरीतला अर्थचा आकडा परत एकदा मोजा.

काढलेला जुना ईसीएम भंगारात देऊ नका. चावीचा आणि इंजेक्टरचा मूळ डेटा त्यातच आहे, आणि बदललेल्याने दगा दिला तर क्लोन करायला तोच लागेल. गाडीचा नंबर आणि तारीख लिहून, कोरड्या डब्यात घालून, निदान वर्षभर कपाटात ठेवा.